बांधीतला वर्ग

"पाहून सांगून राहिले, का आयकून?" कोणी काहीही सांगितलं की बाई आधी हे विचारायच्या. मग पदर कमरेला खोचून उत्तराची वाट पाहत उभ्या राहायच्या. गावातल्या बायका त्यांना मोठीमाय म्हणत. मी बाई म्हणायचो, कारण सरकारी अहवालात मोठीमाय लिहिता येत नाही.

माझी नोकरी भंडाऱ्याच्या एका सरकारी कार्यालयात. शेतीची कौशल्यं शिकवणारे वर्ग गावोगावी चालतात. ते खरंच चालतात की नाही, हे मी तपासतो. असे साहेब तुम्हीही पाहिले असतील. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, कपाळावर उगाच आठी. बत्तिसाव्या वर्षापर्यंत मी भाताचं रोप हातात धरलं नव्हतं, पण भातशेतीच्या वर्गांना गुण मीच द्यायचो.

सानगडीजवळच्या एका गावात बाई ओळीतला रोवणा, म्हणजे भाताची लावणी, शिकवत. पंचवीस जणी शिकायला होत्या. मी अचानक भेट द्यायला गेलो, तर वर्ग भरायचा त्या समाजमंदिराला कुलूप. शेजारच्या म्हाताऱ्याने हात करून दाखवलं, "साऱ्या बाया बांधीत गेल्या जी. तलावाच्या खाली."

बांधी म्हणजे भाताचं खाचर. वाट चिखलाची होती. माझे बूट नवे होते. मी कुलपाचा फोटो काढला, 'वर्ग बंद, प्रशिक्षक गैरहजर' असं भरलं आणि चहा पिऊन परतलो.

आठवड्याभरात वर्ग थांबवल्याचं पत्र गेलं. त्यातल्या सहा जणींना पुढे आसपासच्या गावांत शिकवायला जायचं होतं. प्रमाणपत्राशिवाय त्यांना कोणी बोलावणार नव्हतं.

बाई एसटीने भंडाऱ्याला आल्या आणि माझ्या टेबलासमोर उभं राहून त्यांनी तोच प्रश्न विचारला.

"पाहून लिहिलं," मी म्हणालो. "कुलूप पाहिलं."

"कुलपाले रोवणा शिकवतो का जी आमी?"

शेजारचा कारकून हसला. मी विनाकारण कागद चाळले.

"काहून नाही आले बांधीत? तीनशे पावलं त होते."

मग ते खाली ठेवून खरं ते सांगितलं. "बूट नवे होते."

बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. "मंग तसंच लिवा," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

दोन दिवस मी दुसरी कारणं शोधली. 'तांत्रिक अडचण' हे शब्द तीनदा टाइप करून पुसले. शेवटी लिहिलं, मी शेतात गेलो नाही, माझा अहवाल चुकीचा आहे. वरिष्ठांनी त्यावर जे सुनावलं ते माझ्या सेवापुस्तकात आहे. ते तुमच्या हाती लागणार नाही, तेवढंच समाधान. वर्ग मात्र पुन्हा सुरू झाला.

फेरतपासणीला मी अनवाणी बांधीत उतरलो आणि चौथ्या पावलाला बदकन बसलो. पंचवीस जणी कंबर धरून हसल्या. बाईंनी दंडाला धरून उठवलं आणि हातात पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, जुडी दिली. "वरच्यावर लावा. खोल गाडलं त फुटवे येत नाही." मी घाम गाळून एक ओळ लावली. मागून शिकणाऱ्यांतली एक जण आली आणि मुकाट्याने ती सगळी उपटून पुन्हा लावत गेली. पुढे सगळ्या जणी पास झाल्या. मला कोणी गुण दिले नाहीत.

दोन वर्षांत बाईंचे गुडघे गेले. त्या आंबागडला लेकीकडे राहायला गेल्या. मागच्या पावसाळ्यात तुमसरला काम निघालं, म्हणून मी भेटायला गेलो. तीच शेवटची भेट. अंगणात बाजेवर बसल्या होत्या.

"वर्ग कसा चालू आहे?"

मी टॅब उघडला. "तीस जणी आहेत. हजेरी पूर्ण."

"बायांचं नाही रे बाबू. पऱ्हे किती दिवसाचे झाले?"

मला माहीत नव्हतं. त्यांच्याकडे शिकलेली एक जण आता तो वर्ग घेते. मी तिला फोन लावून बाईंच्या हातात दिला. त्यानंतर मी तिथे आहे हे त्या विसरूनच गेल्या.

"अठरा दिवसाचे? मंग कायची वाट पाहून राहिली वं?"

बोलता बोलता त्यांनी पाय बाजेखाली सोडले, उठू पाहिलं. उठता आलं नाही. तशाच कडेला बसून, हाताची वीत उघडून, दोन ओळींत किती जागा सोडायची ते त्या तिला दाखवत राहिल्या. फोनवरून ते दिसत नव्हतं. मी तसं सांगितलं नाही.