तीन नंबरची पाहुणी

हरमलला सीझनमध्ये आम्ही स्वतःच्याच घरात अंग चोरून राहतो. पुढच्या चांगल्या खोल्या पर्यटकांना, आणि आपण मागे स्वयंपाकघरापाशी. म्हणून डिचोलीच्या शुश्रूषागृहातून फोन आला, की यापुढे जमेल तेवढ्या म्हाताऱ्या माणसांना घरीच सांभाळायचं, सिस्टर आठवड्यातून दोनदा येईल, शेजारपाजारच्या बायकांनाही शिकवेल, तेव्हा माझ्या डोक्यात आधी आई आली नाही. तीन नंबरची खोली आली. लाज वाटते, पण खरं ते खरं.

आई दोन वर्षं तिथे होती. झटक्यानंतर एक बाजू लुळी पडलेली, आणि आठवण अशी की सकाळची पेज विसरायची, पण माझ्या बारशाला कोण रुसलं होतं ते नावानिशी सांगायची. महिनाभर घरी ठेवून बघायचं, मग सिस्टर तिलाच विचारणार होती, इथे राहणार की परत जाणार. ती परत म्हणाली की परत. मला ती घरी हवी होती. बायकोलाही हवी होती, हे मुद्दाम सांगतो, कारण लोक उठसूट सुनेवरच घसरतात.

बायकोने जीव ओतून खोली लावली. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने पलंगावर घडी घालून दोन टॉवेल ठेवले, वर छोटा साबण, बाजूला पाण्याची सीलबंद बाटली. आईने ते सगळं नीट निरखलं, "बरां आसा," म्हणाली, आणि आपली पिशवी उघडलीच नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बघतो तर बाई पिशवी मांडीवर घेऊन तयार! अकराला खोली सोडायची, हा नियम तिनेच केलेला. पूर्वी पाहुण्यांची दारं तीच ठोठावायची. मी टॉवेल उचलले, साबण उचलला, दारावरचा नंबर खरवडून काढला. कसलं काय! तिसऱ्या दिवशीही पिशवी मांडीवर. शेवटी माझं डोकं फिरलं. हे तुझं घर आहे, मी तुझा मुलगा आहे, असं मी तिच्यावर ओरडलो. तिने शेजारणीला सांगितलं की जागा चांगली, पण मालक तापट. ही शेजारीण सिस्टरकडून शिकून तिला रोज न्हाऊ घालायची, गोळ्या द्यायची. तिनेही मान डोलावून दुजोरा दिला. दोन नंबरमधला रशियन तिला रोज नमस्ते म्हणून हात जोडायचा, तर आईला वाटे हाही बिचारा आपल्यासारखाच अडकलाय. त्याला ती आपल्यातली बिस्किटं द्यायची. मला एक नाही.

महिना भरला. सिस्टर कागद घेऊन आली, आईजवळ बसली, विचारलं.

"सगळां बरां आसा," आई म्हणाली. "पण मी हंय रवूचंय नाय. माजो झील येतलो माका न्हेवक."

सिस्टरचं पेन थांबलं. झील म्हणजे मुलगा, तिला न्यायला येणार होता तो मीच, तिच्यासमोर उभा. मला रडू फुटणार होतं, त्याऐवजी मी बाहेर गेलो, स्कूटर काढली, देवळापर्यंत जाऊन हॉर्न वाजवत परत आलो आणि लांबून आलेल्या माणसासारखा दारात उभा राहिलो.

"आई, चल. न्हेवक इलंय."

तिचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. तिने पिशवी माझ्या हातात दिली. चाकाच्या खुर्चीवरून तिला पुढच्या फाटकातून रस्त्यावर काढली, शेजारणीच्या विहिरीवरून वळसा घालून मागच्या दाराकडे नेली. मागोमाग सिस्टर, शेजारीण, बायको आणि सगळ्यात शेवटी टॉवेल गुंडाळलेला रशियन. काजू विकणारा वाट सोडून उभा राहिला.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आईने हात वर करून खुर्ची थांबवली. फळीवरची भांडी बघितली, पिशवी मागून घेतली आणि उघडून लुगडी बायकोच्या हातात दिली. मग माझ्याकडे वळली.

"दोन वर्सां खंय मेल्लंस रे?"