पेनिसिलिनच्या गावात पेज

मानवजातीला रोगराईतून सोडवण्याच्या महान कार्यात माझाही वाटा होता. पिंपरीतला पेनिसिलिनचा कारखाना तेव्हा नवा होता आणि माझा वाटा टायपिंगचा होता.

नोकरी कच्ची होती. महिनाअखेरीस डॉक्टरी तपासणी. तीत नापास झालो, तर गावचा रस्ता. अशात मला ताप चढला, घसा धरला, मानेवर गाठी उठल्या.

"राव, तुला कसली काळजी? भिंतीपलीकडे औषध मुरतंय," शेजारच्या टेबलावरचा मित्र म्हणाला. मी बाहेर जाऊन पेनिसिलिनची इंजेक्शनं टोचून घेतली. गाठी जागच्या हलल्या नाहीत. वर पोटात आग पडू लागली, पाण्याचा घोटही उलटून पडे.

पुण्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. "हा गाठींचा ताप; प्लेग नव्हे, विषाणूचा. त्यानंच जठराला सूज आलीय. क्वचित येते, पण ओसरते."

"आणि पेनिसिलिन?"

"त्याचा याला उपयोग नाही."

हे वाक्य मी कचेरीत कुणाला सांगितलं नाही.

तापासाठी घेत होतो ती अॅस्पिरिन बंद, विश्रांती आणि दर अर्ध्या तासानं दोन चमचे पेज, एवढंच त्यांनी सांगितलं. मी ज्या शेतकरी कुटुंबात भाड्यानं राहत होतो, तिथं घड्याळ नव्हतं. घरामागून रेल्वे जाई. घरच्या मावशींनी तीच धरली. गाडी गेली की दोन चमचे.

"ऊठ बाबा, मालगाडी आली."

"मावशी, आत्ताच तर एक गेली!"

"ती पुण्याला गेली. ही मुंबैची हाय. तोंड उघड."

पहिल्या चार गाड्या परत आल्या. पाचवी टिकली. तिसऱ्या दिवशी दुपारी मेल धडधडत गेली आणि मावशी वाडगाभर पेज घेऊन आल्या.

"एवढी?"

"मेल हाय ती. तिला काय दोन चमचे द्यायचे व्हय?"

शरीरशास्त्राचं थोडंफार मीही वाचलं होतं. त्यात याला आधार नव्हता. तरी वाडगा संपवला. तो पोटात राहिला. संध्याकाळी रुळांकडे कान लावून मी पुढच्या गाडीची वाट पाहत होतो.

महिनाअखेरीस कारखान्याच्या डॉक्टरांनी पोट दाबलं, सगळी हकिगत विचारून घेतली आणि पास केलं. प्रमाणपत्र टाइप करायला माझ्याकडेच आलं. उपचाराच्या रकान्यात 'भाताची पेज' असं लिहिलं होतं. मी त्याच्या तीन प्रती काढल्या.