एका हाताने चालणारा चाकू

जळगाव स्टेशनला उतरले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पुण्याहून मला जायचं होतं पिंपळनेरला, थोरल्या भावाकडे, म्हणजे नानाकडे. पण बाजार मोठा म्हणून मुद्दाम आधी जळगावला उतरले. अर्धांगवायूने नानाचा डावा हात कायमचा गेलाय. दात कवळीचे. त्याने फोनवर एकच मागणं केलं होतं, "एका हाताने चालेल असा चाकू आण. पेरू कापून द्या म्हणून कोणाच्या तोंडाकडे बघायला नको."

पहिलं दुकान एका मारवाडी शेठचं. माणूस अदबशीर. त्यांनी काचेवर लाल चाकू ठेवला.

"ताई, पंधरा कामं आहेत यात. करवत, कात्री, डबा फोडायचं, बूच काढायचं."

"शेठ, तुमचा डावा हात खिशात घाला. आता उघडा."

ते हसले, पण हात घातला खिशात. पात्याला नखाची बारीक खाच. नख अडकवायचं एका हाताने आणि चाकू धरायचा दुसऱ्याने. शेठनी चाकू पोटाशी दाबून पाहिला, गल्ल्यावर टेकवून पाहिला. शेवटी म्हणाले, "असं कोणी विचारतच नाही, ताई."

विचारत नाही म्हणजे? एका हाताची माणसं जगात नाहीत का? बाटलीचं बूच काढायला पेच दिलाय. पिंपळनेरला माझा नाना कसली बुचं काढणार आहे? आणखी दोन दुकानं पालथी घातली. तिथेही तेच. कामं वाढत गेली, खाच तीच.

रागारागातच धुळ्याची एसटी पकडली. दोन्ही बाजूंना कपाशी, मधूनच केळीने भरलेला ट्रक. मला काही गोड लागत नव्हतं.

धुळ्यात स्टँडजवळच्या दुकानात एक चाकू मिळाला. पात्याला गोल भोक, अंगठ्याने ढकललं की खट्कन उघडतो. पातं अर्धं सरळ, अर्धं दातेरी. दुकानदार म्हणाला, दोरी कापायला दाते, फळाला सरळ धार. उघडला छान. मिटताना मात्र कळ दाबायची आणि त्याच हाताने पातं वळवायचं. माझा अंगठा कापला. दुकानदाराने हळद दिली आणि वर म्हणाला, "सवय होते." कापलेल्याला कसली सवय? तरी घेतला. दुसरा होता कुठे?

साक्रीच्या पुढे डोंगर दिसायला लागले, तेव्हा जरा डोकं थंड झालं. नाना ओट्यावर वाटच बघत होता. "उनी का, बाई?" (आलीस का?) वहिनींनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली होती. जेवण होताच त्याने चाकू हातात घेतला. खट्कन उघडला. लहान पोरासारखा हसला. मग पेरूवर धार टेकवली आणि पेरू गडगडत पलंगाखाली गेला. पुन्हा ठेवला, पुन्हा गडगडला.

"आते पेरू कोन धरी?" (आता पेरू कोण धरणार?) तो हळूच म्हणाला.

दोन जिल्ह्यांतल्या दुकानदारांची मी अक्कल काढली. चाकू उघडायचा कसा हे सगळ्यांना विचारलं, पेरू कोण धरणार हे मला स्वतःला सुचलं नाही. इतकी लाज वाटली की त्या रात्री वहिनींशीही नीट बोलले नाही.

सकाळी वहिनी बाजाराला गेल्या. स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली म्हणून डोकावले. नाना खाली बसलेला. उजवा पाय विळीच्या पाटावर घट्ट. पातं जागचं हलत नाही. उजव्या हातात पेरू, तोच पात्यावर दाबायचा. फोडी ताटात पडत होत्या, एकसारख्या. मला बघून त्याने विळी मागे सरकवली.

"कोणले सांगू नको." (कोणाला सांगू नकोस.)

"हे येतं तर चाकू कशाला मागवलास?"

"चार लोकेस्मा विळीवर बसू का मी?" (चार लोकांत विळीवर बसू का मी?)

आधी त्याचा राग आला, मग माझाच. चाळीस वर्षं मी रोज विळीवर बसते. एका हाताचं हत्यार म्हटल्यावर ती डोळ्यांसमोर का आली नाही? कारण नाना पुरुष. दुसरं काही कारण नाही. बायका बसतात ती विळी, आणि भावाला लागतो चाकू, असंच आमच्या डोक्यात भरलेलं.

मी विळी उचलली आणि बाहेर ओट्यावर नेऊन ठेवली. शेजारी चार पेरू ठेवले. "उपाशी राहायचं तर राहा," म्हटलं आणि बॅग भरायला घेतली.

रिक्षात बसताना वळून पाहिलं. नाना विळीवर बसला होता, रस्त्याकडे तोंड करून, मान खाली. समोरचे दोन म्हातारे उभे राहून बघत होते. त्याने वर न बघताच दोघांपुढे एकेक फोड धरली. त्यांनी घेतली.

चाकू नानाने परतच दिला. त्या चाकूने मी आता दुधाच्या पिशव्या फोडते, आणि मिटताना अजून शिव्या देते.

घरी पोचले त्या संध्याकाळी आमचे हे पेपर वाचत होते. दोन्ही हात धडधाकट. मी कांदे आणले, विळी त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "बसा."