पुसलेल्या रेघा

ईनॉस विकेन्स मुळात टेम्सकाठचा नावा बांधणारा. लढाई लागली, नावांची गिऱ्हाइकं सैन्यात गेली आणि आमच्या शेडमध्ये विमानं बनू लागली. मी पंखांवर कापड शिवायचे, सांगाडा ईनॉसच्या हाताखाली उभा राहायचा.

दुहेरी पंखांचं ते आमचं पहिलं लढाऊ विमान. साहेबाने तोंडी सांगायचं आणि ईनॉसने रांगत रांगत ते खडूने जमिनीवर पूर्ण मापात काढायचं. त्याच्या नावाही अशाच व्हायच्या. मनासारखी रेघ आली की त्यावर लाकूड ठेवून कापायचं. घाई एवढी, की कागदावर उतरवायला कुणाला फुरसत नव्हती.

विमान उडालं, आणि झकास उडालं. पायलट हसतच उतरला. "विकेन्सकाका, पाखरू आहे हो हे." आम्ही मैदानात नाचत होतो तेव्हा ईनॉस शेडमध्ये गेला आणि त्याने जमीन लख्ख पुसून काढली. नाव पाण्यात गेली की रेघा पुसायच्या, नाहीतर ती फिरून काठाला येते, अशी नावा बांधणाऱ्यांची रीत. बापाने शिकवलेली.

पुढच्याच आठवड्यात विमान उतरताना झाडावर आदळून जळालं. पायलट वाचला. सैन्याचा निरोप आला: अगदी असंच दुसरं करून दाखवा, मग शंभर घेऊ.

"रेघा कुणी पुसल्या?" साहेबाने विचारलं.

"मी. उडालं ना ते, साहेब. गेलेल्या नावेच्या रेघा कोण ठेवतं?"

"अरे, नाव होती का ती?"

ईनॉस खडू घेऊन परत जमिनीवर रांगू लागला. आठवून आठवून त्याने दुसरं बांधलं. तेही उडालं, पण डावीकडे कलायचं. "हे ते नव्हे," पायलट म्हणाला. काम हातचं गेलं, मी तंबू शिवायला लागले. ईनॉसला कुणी एका शब्दाने बोललं नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर त्याचं बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

मग तो घरी स्वयंपाकघराच्या फरशीवर ते विमान काढत बसायचा. पंखाचा एक बाक काही केल्या जमत नसे. त्याची बायको लॉटी गल्लीत टापटिपीसाठी नावाजलेली, पण रेघा चुकवत चहाचं आधण ठेवायची. "माझ्या नवऱ्याचं विमान तुडवू नकोस गं," मला दटावायची. वर्षानुवर्षं ती फरशी धुतली गेली नाही.

ईनॉसला पुरून आलो. शेजारणींनी बादली आणली, ती लॉटीने काढून घेतली.

"गेला ना तो. आता पुसायलाच हवं, नाहीतर वाटेतून परत यायचा."

गुडघे टेकून तिने सगळी फरशी पुसली. तो न जमलेला बाक तेवढा ठेवला.