फ्लेक्सवरचं धड

"आणि फाट्यावरच्या फ्लेक्सचं काय करायचं?" संभाजीनं पुन्हा विचारलं. "अख्खी धायरी बघती तो."

"बघू दे. मी परत जाणार नाही," शालू म्हणाली. तिच्या ताटातली भाकरी तशीच होती.

शालूला सरकारी खर्चाच्या मेडिकल कॉलेजात जागा मिळून जेमतेम महिना झाला होता. शिकवणं, राहणं, जेवण, सगळं सरकारचं. बदल्यात डॉक्टर झाल्यावर काही वर्षं सरकार धाडेल तिथं नोकरी. तसा बाँड पुढच्या आठवड्यात लिहून द्यायचा होता. त्याआधी सोडलं तर नुसत्या अर्जावर सुटका होती. म्हणून पोरगी बॅग भरूनच आली होती.

"सरकार फुकट शिकवतंय, तर थोडी वर्षं खेड्यात काढायला काय जातंय तुझं?"

"खेड्याचं काही नाही, पप्पा. मला आजारी माणसं सोसत नाहीत."

"मंग डाक्टरकीला गेलीस कशाला?" तिची आजी मुक्ताबाई बसायचं पोतं सारून पुढं सरकल्या. "भजनातल्या समद्या बायांचं गुडघं तुझ्या डाक्टरकीवर थांबल्यात. आता त्यास्नी काय सांगू?"

"सांग, जिना सोडा, लिफ्ट बघा म्हणावं."

शालूच्या आईला, प्रेमलाला, हसू आलं. ते तिनं आमटी ढवळण्यात घालवलं. तिला हसायचा हक्क नव्हता, कारण फ्लेक्स ही तिचीच करामत होती. दुकानदारानं कॉम्प्युटरवर पांढऱ्या कोटातली पाच-सहा धडं दाखवली होती. त्यावर शालूचं डोकं बसवायचं होतं. प्रेमलानं साडी निवडावी तसं धड निवडलं. हे नको, खांदे पडलेत. ते नको, कोट चुरगळलाय. नावाआधी 'डॉ.' घालायलाही तिनंच लावलं. "अजून व्हायच्यात ना, वहिनी?" दुकानदारानं विचारलं, तर म्हणाली, "मग तेव्हा परत छापू का?"

तेव्हापासून ती रिक्षात फ्लेक्स दिसेल त्या बाजूला बसायची. भाजीवालीशी घासाघीस करतानासुद्धा तिच्या आवाजात पदवी शिरली होती. जावेला पित्त झालं तेव्हा तर हिनं तिची जीभ बाहेर काढायला लावून पाहिली होती. काय दिसलं, ते मात्र विचारू नये.

"आई, तू तरी बोल," शालू म्हणाली. "आजोबांच्या पायाची पट्टी बदलताना मी कुठं असायचे?"

गॅलरीत. जाळीला नाक लावून. प्रेमलाला ते चांगलं ठाऊक होतं. साखरेनं चिघळलेला गेनबांचा पाय ती रोज धुवायची. आत सासरे, बाहेर पोरगी, दोघंही डोळे मिटून. एकदा दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, "तुमचा हात हलका आहे हो." ते एवढंसं वाक्य प्रेमलानं इतकी वर्षं ट्रंकेतल्या लग्नाच्या शालूसारखं जपलं होतं, आणि शेवटी गुंडाळून त्या पोरीच्याच अंगावर घातलं होतं. फ्लेक्सवाल्यानं नीट विचारलं असतं, तर तिनं धडही स्वतःचंच दिलं असतं. बसलंही असतं छान. कोट जरा ढगळ लागला असता, इतकंच.

"मी उद्या कॉलेजात जाऊन सरांना भेटतो," संभाजी म्हणाला. "म्हणतो, पोर घाबरलीय. समजूत काढा."

"ती घाबरली नाही," प्रेमला म्हणाली.

"मग काय झालंय तिला?"

"तिला काही झालं नाही. झालं होतं ते मला."

मुक्ताबाईंनी संभाजीकडं पाहिलं, संभाजीनं शालूकडं. प्रेमलानं गॅस बंद केला आणि शालूच्या ताटातली गार भाकरी काढून गरम वाढली.

"उद्या चकलीच्या भाजणीचे तांदूळ, डाळी धुवायच्यात," ती म्हणाली. "वाळत घालायला काहीतरी मोठं लागेल. सकाळीच जाऊन फ्लेक्स उतरवून आणा. दोऱ्या तोडू नका, सोडून आणा. मी गच्चीत पालथा अंथरीन. शालू इथंच राहणार आहे. अर्ज द्यायला तिच्याबरोबर मी जाते."