पातं बदलून काय होणार?

शनिवारी सकाळी नंदनवन कॉलनीतल्या घरी दुखरा खांदा शेकत बसले होते. तेवढ्यात अमेरिकेहून मुलीचा, केतकीचा, व्हिडिओ कॉल आला. तीस वर्षं शाळेत धनुर्विद्या शिकवली, आता हात खांद्याच्या वर जात नाही... पण विचारणाऱ्यांचे प्रश्न काही संपत नाहीत.

केतकी तिकडे बाणाने एल्कची शिकार करायला शिकली आहे. एल्क म्हणजे आपल्या सांबराहून मोठं हरीण. मला शिकार पटत नाही, पण तिथे रीतसर परवाना मिळतो, आणि ती काही लहान नाही.

तिने बाणाच्या टोकाला लावायची दोन पाती कॅमेऱ्यासमोर धरली. एक घट्ट बसवलेलं, तीन धारांचं. दुसरं मिटलेलं, जनावराला लागल्यावर उघडणारं. "आई, कोणतं घेऊ?"

"आधी टार्गेट दाखव."

टाळाटाळ झाली. शेवटी फोन अंगणात नेला... सरावाच्या साध्या टोकांचे बाण मधोमध, आणि घट्ट पात्याचे सगळे वीतभर डावीकडे.

"म्हणूनच तर मिटलेलं घेऊन राहिली. ते बरोबर मधात लागते."

"लागते, कारण मिटलेल्या पात्याले हवा अडत नाही, ते दोष लपवते. बाण डगमगत गेला तर आत घुसणार नाही, जनावर जखमी होऊन जंगलात फिरत राहील. गडबड तुझ्या धनुष्यात आहे. घट्ट पातं तुले तेच सांगून राहिलं, अन् तू पातंच बदलते?"

"झालं! कोच मॅडम सुरू झाल्या. परवाना बुधवारपर्यंतच आहे वं आई!"

"मग नको जाऊ."

फोन कट.

किती मुलांना हेच सांगितलं असेल... नवे बाण घ्यायला सगळे तयार, धनुष्य तपासायला कोणी नाही. आता सांगायचाही कंटाळा येतो. पुढचे चार दिवस तिचा मेसेज नाही, मीही केला नाही.

गुरुवारी रात्री फोटो आला. दोन्ही प्रकारचे बाण एकमेकांना चिकटून, मधोमध. खाली लिहिलं होतं, "धनुष्यावर बाण टेकतो ती जागा केसभर सरकली होती. काल रात्री सापडलं. सीझन संपला. मी गेली नाही."

वर्षभराची तिची तयारी वाया गेली, हे मला कळतं. मी फक्त "बरं केलं" एवढंच लिहिलं. जास्त कौतुक मला जमत नाही.

खांदा अजून दुखतोच आहे... पण तिच्या हातून एक जनावर अर्धमेलं होऊन पळालं नाही. तीस वर्षांच्या शिकवण्याचं एवढं फळ मला पुरे.