भीमेच्या वाळूवर एक तास

उजनीचं धरण पुरं झालं की उन्हाळ्यात भीमा अशी वाहती राहील की नाही, यावर गिरणीत रोज बोलणं चाले. एक दिवस मनात आलं, वाहत्या पाण्याचे फोटो याच एप्रिलात काढून घ्यावेत. शनिवारी दुपारी हजेरीपुस्तक मिटलं आणि एस.टी. धरली. सोलापूरहून मोडनिंबचं तिकीट तीन रुपयांच्या आत बसतं. करकंबच्या गाडीला तिथं दीड तास थांबावं लागलं, तेवढ्यात भजी-चहा झाला. करकंबला मारुतीच्या देवळात मुक्काम केला. पहाटे नदीकडे चालत निघालो. वाटेत विहीर एकच आहे, तेव्हा जाणाऱ्यानं पाणी बरोबर ठेवावं.

नदीच्या तीन-चार धारा उरल्या होत्या. कॅमेरा खडकावर टेकवून, झडप अर्धा सेकंद उघडी ठेवून पाच फोटो घेतले. असं केलं की पाणी पिंजलेल्या कापसासारखं उतरतं. वाळूतल्या कलिंगडांना पाणी घालणाऱ्या सोनाबाई माझी गंमत बघत होत्या. वयानं माझ्याएवढ्याच असतील.

“पान्याचा कसला फोटू काडताय? ते तर पुढं गेलं की.”

“म्हणूनच काढतोय, बाई.”

“सोलापुरात पानी न्हाय व्हय?” म्हणत त्यांनी एक कलिंगड फोडून हातावर ठेवलं. पैसे घेतले नाहीत.

धारेवर सुरय पक्षी सूर मारत होते. समुद्रकाठच्या पाखरांच्या कुळातला हा पक्षी, काळ्या टोपीचा, पिवळ्या चोचीचा. सोनाबाई म्हणाल्या, “तितं वाळूवर अंडी हायत त्यांची. लांबनंच बघा. ऊन चढलं की तितं थांबू नगा.”

“दोनच मिनिटं,” मी म्हणालो.

उघड्या वाळूत खळगा, त्यात ठिपक्यांची तीन अंडी. माझ्या कॅमेऱ्यात लांबचं पाखरू ठिपक्याएवढं दिसतं, म्हणून दहा पावलांवर बसलो. ऊन लागू लागलं तशी छत्री उघडली. मादी डोक्यावरून ओरडत फिरत होती. मग ती धारेकडे गेली, पोट पाण्यात बुडवून परत आली. पिसांतून थेंब गळत होते. ओल्या पोटानं ती अंडी निववणार होती, पण मला बघून वळली आणि ते पाणी कोरड्या वाळूवर सांडलं.

दर सोमवारी मी महादेवाला जातो. उन्हाळ्यात पिंडीवर टांगलेली, थेंब थेंब पाणी सोडणारी गळती डोळ्यांपुढे आली. इथं काय चाललंय, ते मला त्या क्षणी नीट कळलं होतं. तरी उठलो नाही. थेंबांसकट ती कॅमेऱ्यात हवी होती. ती पुन्हा पुन्हा पाणी आणत राहिली आणि मी छत्रीच्या सावलीत बसून राहिलो. तासाभरानं एकदा ती खाली आली, पंख उघडे, पोटाखाली थेंबांची माळ. फोटो मिळाला.

सोनाबाई मागे येऊन उभ्या होत्या. “पावनं, हात लावून बगा वाळूला.”

लावला आणि झटक्यानं मागे घेतला.

“तुमाला छत्री हाय,” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता.

आम्ही लांब झालो. मादी लगेच येऊन बसली. “जगतील ना?” मी विचारलं.

“कुनाला ठावं? आतली पिल्लं मेली असली तरी ती बसनारच की. तिला कुटं कळतंय.”

परतीची गाडी दुपारची होती. पायात चप्पल असूनही वाळू पोळत होती. सोनाबाईंचा निरोप घ्यायला मान वर झाली नाही.

सोलापुरात फोटो धुऊन आले. पाण्याचे पाचही साधेच निघाले. सुरयचा मात्र असा उतरला की स्टुडिओवाल्यानं मोठा करून काचेत लावला. लोक थांबून बघतात. शेजारचे अण्णा म्हणाले, “केवढा धीर लागला असेल हो.” मी हसलो. बायकोलाही खरं सांगितलं नाही. ती फोटो देवघराशेजारी लावायचा म्हणते, मी खिळा नाही म्हणून टाळतो.

पिल्लं निघाली असतील तर एव्हाना काठावर धावत असतील. करकंब काही लांब नाही. तरी तीन रविवार गेले, प्रत्येक वेळी काही ना काही काम काढून मी घरीच राहिलो. तुम्ही गेलात तर अंड्यांपासून लांब बसा, आणि ऊन तापायच्या आत उठा. कलिंगडांच्या वाफ्यांत सोनाबाई भेटतील. त्या तीन अंड्यांचं काय झालं, ते त्यांना ठाऊक असेल. मला अजून विचारायला जाववलेलं नाही.